स्क्रीनशॉट बघून क्लिक करणारं मॉडेल नेम चुकवतंय? घोडं कुठं पेंड खातंय ते असं शोधा

तर झालंय असं, की तुम्ही एक छोटा प्रोग्राम लिहिलाय. तो स्क्रीनचा फोटो काढतो, फोटो बघू शकणाऱ्या एआय मॉडेलला पाठवतो, विचारतो की बाबा सेव्हचं बटण कुठंय, मॉडेल दोन आकडे देतं, आणि त्या आकड्यांवर माऊस नेऊन क्लिक करायचं. पहिल्यांदा चाललं की लहान मुलासारखा आनंद होतो. आणि मग दुसऱ्या स्क्रीनवर, दुसऱ्या कॉम्प्युटरवर तोच प्रोग्राम बटणाच्या शेजारी, कधी वर, कधी पार भलत्या मेन्यूवर जाऊन टिचकी मारतो.

अशावेळी नवा माणूस पहिली गोष्ट करतो ती म्हणजे प्रॉम्प्ट, म्हणजे मॉडेलला लिहून दिलेली सूचना, बदलतो. 'नीट बघ', 'अचूक सांग', 'बरोबर मधोमध क्लिक कर' असं मॉडेलला विनवत बसतो. मी पण दोन आठवडे हेच केलंय. नंतर कळलं की मॉडेल बिचारं बरोबर सांगत होतं, माझा गुणाकारच चुकलेला. साप समजून भुई धोपटणं म्हणतात ते हेच. माझ्या अनुभवात सुरुवातीच्या चुकांमधल्या बहुतेक चुका बघण्याच्या नसतात, हिशोबाच्या असतात, म्हणून हिशोब आधी आणि प्रॉम्प्ट अगदी शेवटी.

पहिलं काम: डोळा आणि हात वेगळे करा

यात दोन भाग आहेत. डोळा म्हणजे फोटो बघून आकडे सांगणारं मॉडेल, आणि हात म्हणजे ते आकडे घेऊन माऊस हलवणारा तुमचा कोड. दोन्ही एकत्र तपासले तर चूक कुणाची ते कधीच कळत नाही.

आधी हात तपासा, त्याला मॉडेल लागत पण नाही. एक साधं वेबपेज बनवा, पूर्ण पांढरं, त्यावर वीसेक अधिकची चिन्हं काढा, चारही कोपऱ्यात, कडेला, मधे, सगळीकडे पसरून, आणि प्रत्येकाला नंबर द्या. पेजवर जिथं क्लिक पडेल तिथं लाल ठिपका उमटेल एवढा दोन ओळींचा कोड टाका. मग स्क्रीनशॉट काढून तो चित्र उघडायच्या कुठल्याही साध्या प्रोग्राममधे उघडा, प्रत्येक चिन्हाच्या मध्यावर कर्सर नेऊन आकडे स्वतः वाचा आणि वहीत लिहा. ते आकडे तुमच्या कोडला द्या, जणू काही मॉडेलनेच दिलेत. फक्त एक लक्षात ठेवा, मॉडेलला पाठवायच्या आधी तुमचा कोड फोटो लहान करत असेल तर आकडे त्या लहान केलेल्या फोटोवरचे वाचा.

लाल ठिपके चिन्हांवर पडले तर हात ठीक आहे, पुढं जा. नाही पडले तर मॉडेलला शिव्या घालणं थांबवा, दोष इकडचाच आहे.

मग डोळा. तोच फोटो मॉडेलला पाठवा, विचारा ७ नंबरचं चिन्ह कुठंय, १२ नंबरचं कुठंय, आणि आलेले आकडे वहीतल्या आकड्यांशी ताडून बघा. इथं क्लिक करायचंच नाही, नुसती तुलना. या दोन चाचण्यांना मिळून अर्धा तास लागतो आणि त्यातून जे कळतं ते आठवडाभर प्रॉम्प्ट बदलून कळत नाही.

दुसरं काम: चूक कुठल्या आकाराची आहे ते बघा

हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे, जरा सावकाश वाचा. ठिपका किती चुकला याच्यापेक्षा तो कुठल्या दिशेला आणि कुठल्या भागात चुकला हे जास्त बोलतं. वीसही चिन्हांचे खरे आकडे आणि पडलेले आकडे शेजारी शेजारी मांडा, जमलं तर एका चित्रावर बाण काढा, खऱ्या जागेपासून पडलेल्या जागेपर्यंत. आता त्या बाणांकडे बघा.

सगळे बाण सारखेच, म्हणजे प्रत्येक ठिकाणी समजा ८५ पिक्सेल वर सरकलंय, तर कुठंतरी सुरुवातीचा बिंदू चुकलाय. ब्राउजरमधे हे फार होतं. फोटो फक्त पानाचा असतो, ॲड्रेस बार आणि टॅबची पट्टी त्यात नसते, पण क्लिक मात्र पूर्ण स्क्रीनच्या हिशोबानं मारलं जातं, मग ती पट्टी जेवढी उंच तेवढं सगळं वर सरकतं. खिडकी पूर्ण मोठी केलेली नसेल तर डावीकडे पण सरकेल. उपाय सोपा, खिडकी जिथून सुरू होते ते आकडे मिळवा आणि अधिक करा.

वरच्या डाव्या कोपऱ्याजवळ अगदी बरोबर आणि उजवीकडे-खाली जाल तसे बाण लांब लांब होत गेले, तर स्केलची चूक. इथं एक भागाकार करा, पडलेला आकडा भागिले खरा आकडा. उत्तर सगळीकडे १.२५, १.५ किंवा २ च्या आसपास येत असेल, किंवा उलट ०.८, ०.६७, ०.५ येत असेल, तर डिस्प्ले स्केलिंग, म्हणजे पडद्यावरचं सगळं मोठं दिसावं म्हणून सिस्टिम वापरते तो गुणक, पकडलंत म्हणून समजा. आणि आडवं बरोबर पण उभं वाढत चाललंय असं असेल तर फोटो लहान करताना त्याची लांबी-रुंदी वेगवेगळ्या प्रमाणात दाबली गेलीये आणि तुम्ही परत येताना दोन्हीला एकच गुणक वापरताय.

मधोमध बरोबर, पण वरच्या कडेची चिन्हं खाली आणि खालच्या कडेची चिन्हं वर ओढली गेल्यासारखी वाटत असतील तर फोटो चौकोनात बसवताना त्याला वर-खाली काळ्या पट्ट्या लागल्यात आणि तुमच्या हिशोबात त्या नाहीत.

कर्णाभोवती उलटलंय, म्हणजे उजव्या वरच्या कोपऱ्यातलं चिन्ह डाव्या खालच्या बाजूला जाऊन पडतंय, तर एक्स आणि वायची, म्हणजे आडव्या आणि उभ्या आकड्याची, अदलाबदल झालीये. हसू नका, मी मी म्हणणाऱ्यांची होते.

एका ठराविक रेषेपर्यंत सगळं ठीक आणि त्याच्या पलीकडे गडबड, तर दुसरा मॉनिटर बघा. दोन मॉनिटरचं स्केलिंग वेगळं असू शकतं, आणि विंडोजमधे मुख्य मॉनिटरच्या डावीकडे दुसरा लावला असेल तर तिथले एक्सचे आकडे चक्क उणे असतात. कोडमधे कुणी 'उणे असेल तर शून्य कर' असं लिहून ठेवलेलं असलं की झालंच. शिकत असताना एकच मॉनिटर ठेवा, उगाच कशाला डोक्याला ताप.

आणि बाण कुठल्याच पद्धतीत बसत नसतील, मोठी बटणं लागतायत, बारीक आयकॉन चुकतायत, बाण चारी दिशांना विखुरलेत, तर मग खरंच डोळ्याचा प्रश्न आहे. त्याच्याकडे नंतर येतो.

तिसरं काम: चार मापं कागदावर लिहा

एकाच स्क्रीनची निदान चार मापं एकाच वेळी चालू असतात आणि गोंधळ सगळा तिथं आहे. एक, पडद्यावर खरोखर किती पिक्सेल आहेत. दोन, ऑपरेटिंग सिस्टिम प्रोग्रामला किती सांगते. तीन, तुम्ही मॉडेलला पाठवलेला फोटो केवढा. चार, मॉडेलच्या आत जाताना तो केवढा होतो.

उदाहरण घेऊ. मॅकचा रेटिना, म्हणजे दाट पिक्सेलचा, पडदा आहे, खरे पिक्सेल २८८० बाय १८००. मॅक माऊससाठी मात्र १४४० बाय ९०० मोजतो. माऊस-कीबोर्ड चालवणारी पायऑटोजीयूआय ही पायथनची लायब्ररी वापरत असाल तर स्क्रीनचं माप विचारल्यावर १४४० बाय ९०० येतं आणि स्क्रीनशॉट मात्र २८८० बाय १८०० चा निघतो, इथंच निम्मे लोक पडतात. आता तुम्ही तो फोटो लहान करून १२८० बाय ८०० चा पाठवला आणि मॉडेल म्हणालं ९००, २५०. माऊस कुठं न्यायचा? एक्स म्हणजे ९०० गुणिले १४४० भागिले १२८०, म्हणजे १०१२.५. वाय म्हणजे २५० गुणिले ९०० भागिले ८००, म्हणजे २८१.२५. पूर्णांक करायचा तो अगदी शेवटी, मधल्या प्रत्येक पायरीला केला की थोडं थोडं करत दोन-तीन पिक्सेल हातातून जातात, आणि बारीक चौकोनावर टिक करायचीये तेव्हा ते दोन-तीन पिक्सेल महाग पडतात.

बघा, या हिशोबात २८८० आलाच नाही. तेच तर. खऱ्या पिक्सेलचा आकडा दिसला की तो वापरायचा मोह होतो, पण माऊस ज्या मापात चालतो तेच माप शेवटी हवं.

विंडोजमधे खोडी वेगळी आहे. पडदा १९२० बाय १०८० आणि स्केलिंग १२५ टक्के असेल तर जो प्रोग्राम स्वतःला स्केलिंग समजतं असं जाहीर करत नाही त्याला विंडोज १५३६ बाय ८६४ असं सांगतं. मग तुमच्या कोडमधली एक लायब्ररी एक माप धरून चालते, दुसरी दुसरं, आणि तुम्ही डोकं धरून बसता. उपाय म्हणजे प्रोग्रामच्या अगदी सुरुवातीला, बाकी काहीही इम्पोर्ट व्हायच्या आधी, 'सेट प्रोसेस डीपीआय अवेअरनेस' नावाचं फंक्शन बोलवायचं. आधीच बोलवायचं हे महत्त्वाचं, कारण एखादी लायब्ररी ते आधी ठरवून बसली तर नंतर बदलता येत नाही. चाचणीपुरतं स्केलिंग १०० टक्क्यांवर आणून बघितलं आणि चूक गायब झाली तर रोग तोच, पण तेवढ्यावर थांबू नका, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर १५० असणारच आहे.

ब्राउजर चालवायला प्लेराइट वापरत असाल तर जरा सुखी आहात, तिथला क्लिक पानाच्या आतल्या मापानेच चालतो आणि स्क्रीनशॉट काढताना स्केल 'सीएसएस' ठेवायची सोय आहे, म्हणजे फोटो आणि क्लिक एकाच मापात. अँड्रॉइड फोनवर एडीबीनं, म्हणजे कॉम्प्युटरवरून फोनला हुकूम देणाऱ्या साधनानं, टॅप करत असाल तर अजून सोपं, फोटो आणि टॅप दोन्ही एकाच पिक्सेल मापात असतात.

काळ्या पट्ट्यांचं पण गणित एकदा करून टाकू. १६०० बाय ९०० चा फोटो ८०० बाय ८०० च्या चौकोनात बसवला. फोटो निम्मा होऊन ८०० बाय ४५० झाला, उरले ३५०, म्हणजे वर १७५ आणि खाली १७५ ची पट्टी. मॉडेलनं वाय ३०० सांगितला तर आधी १७५ वजा, राहिले १२५, मग दुप्पट, २५०. आधी दुप्पट करून नंतर १७५ वजा केले तर ४२५ येतात आणि क्लिक थेट दुसऱ्याच ओळीत. ज्या क्रमानं आत गेलात त्याच्या बरोब्बर उलट्या क्रमानं बाहेर यायचं, कपडे घालायचा आणि काढायचा क्रम असतो तसं.

चौथं माप म्हणजे मॉडेलच्या आतलं, आणि हे डोळ्याला दिसत नाही म्हणून जास्त धोक्याचं. तुम्ही मोठा फोटो पाठवला तर बरीच मॉडेल्स तो गुपचूप लहान करतात. क्लॉडच्या कित्येक व्हर्जन्समधे लांब बाजू १५६८ पिक्सेलच्या वर गेली की फोटो लहान होतो, क्वेन २.५ व्हीएल फोटोच्या दोन्ही बाजू २८ च्या पटीत आणून बसवतं. आता मॉडेल आकडे देणार ते लहान झालेल्या फोटोच्या मापात, आणि तुम्ही गुणाकार करणार मूळ फोटोच्या मापानं. म्हणून माझा नियम सरळ आहे, फोटो लहान करायचाच असेल तर तो मी स्वतः करणार, मॉडेलच्या मर्यादेत बसेल असा, म्हणजे गुणक माझ्या हातात राहतो. तुमच्या मॉडेलच्या डॉक्युमेंटेशनमधे ही मर्यादा शोधा, ती व्हर्जनगणिक बदलत असते.

चौथं काम: आकडे कुठल्या भाषेत येतात

प्रत्येक मॉडेलची आकडे सांगायची तऱ्हा निराळी. काही मॉडेल्स सरळ पिक्सेल देतात, क्वेन २.५ व्हीएल त्यातलं. जेमिनी ० ते १००० च्या पट्टीवर देतं, म्हणजे फोटो केवढाही असो, डावी कड ० आणि उजवी कड १०००, आणि शिवाय आकड्यांचा क्रम आधी वाय, मग एक्स. मोल्मोचं पहिलं व्हर्जन ० ते १०० च्या टक्केवारीत बोलतं. नुसतं मॉडेल बदललं आणि सगळं बिघडलं अशी तक्रार असेल तर पहिल्यांदा हेच बघा.

जेमिनीनं समजा २५०, ७०० दिलं आणि माऊसचं माप १४४० बाय ९००. तर एक्स म्हणजे ०.७ गुणिले १४४०, म्हणजे १००८, आणि वाय म्हणजे ०.२५ गुणिले ९००, म्हणजे २२५. या पद्धतीचा एक फायदा म्हणजे मॉडेलनं आत फोटो लहान केला की नाही याची फिकीर करावी लागत नाही, प्रमाण तेच राहतं.

आणि मॉडेलला जी भाषा येते तीच वापरा. ज्याला ० ते १००० ची सवय आहे त्याला 'मला पिक्सेलमधेच दे' म्हणून दम भरला तर ते देतं पण, आणि आत्मविश्वासानं चुकतं.

पाचवं काम: आता डोळा

हिशोब पक्का झाला, मोठी बटणं लागायला लागली, बारीक आयकॉन अजून चुकतायत. इथं एक जुनी गोष्ट आठवते, पॉल फिट्स यांनी १९५४ मधे माणसाच्या हाताबद्दल मांडलेला नियम, की लक्ष्य जितकं लांब आणि जितकं अरुंद तितका वेळ जास्त लागतो. मॉडेलला लांबीचं काही वाटत नाही, माऊस एका झटक्यात कुठंही जातो. लहानपणा मात्र त्यालाही तितकाच छळतो.

का छळतो ते बघा. ३८४० रुंदीचा पडदा तुम्ही १२८० चा करून पाठवलात, म्हणजे एक तृतीयांश. २४ पिक्सेलचा आयकॉन ८ पिक्सेलचा झाला. आठ पिक्सेलमधे कात्री आणि पेन्सिल यातला फरक माणसाला पण कळत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. स्क्रीनस्पॉट प्रो नावाची एक चाचणी आहे, त्यात व्यावसायिक सॉफ्टवेअरचे मोठ्या रिझोल्यूशनचे स्क्रीनशॉट आहेत, आणि तिथल्या लक्ष्यांचं क्षेत्रफळ सरासरी स्क्रीनच्या ०.०७ टक्के एवढंच भरतं. साध्या वेबपेजवर छान चालणारं मॉडेल व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधे का गडबडतं ते यावरून समजेल.

सगळ्यात कामाचा उपाय म्हणजे दोनदा विचारणं. पहिल्या फेरीत पूर्ण फोटो पाठवा, ढोबळ जागा मिळवा. त्या जागेच्या आसपासचा तुकडा मूळ मोठ्या फोटोतून कापा, लहान केलेल्यातून कापलात तर काही उपयोग नाही, मोठा करा आणि परत विचारा. समजा तुकडा १६००, ३०० पासून सुरू होतो, ६४० बाय ३६० चा आहे, आणि तो दुप्पट करून पाठवला. मॉडेल म्हणालं ४१०, २२२. तर आधी निम्मे करा, २०५ आणि १११, मग तुकड्याची सुरुवात मिळवा, १८०५ आणि ४११. हे मूळ फोटोचे आकडे, तिथून माऊसच्या मापात न्यायचं ते वरच्यासारखंच.

तुकडा फार घट्ट कापू नका. एक म्हणजे पहिल्या फेरीत थोडं चुकलं असेल तर लक्ष्य तुकड्याच्या बाहेरच राहील. दुसरं म्हणजे आजूबाजूचं दिसलं नाही तर हे 'डिलीट' पहिल्या ओळीचं का तिसऱ्या ओळीचं हे मॉडेलला कसं कळणार. मी लक्ष्याच्या सात-आठ पट मोकळी जागा चारी बाजूंनी ठेवतो. आणि तुकड्यात लक्ष्य नसेल तर 'नाही' म्हण, असं स्पष्ट सांगतो, नाहीतर ते काहीतरी शोधून काढतंच.

फोटोचा प्रकार पण बघा. जेपेगमधे फार दाबलेला फोटो असला की बारीक अक्षरांच्या कडेला धूळ उडाल्यासारखं दिसतं. स्क्रीनशॉटसाठी पीएनजी बरा.

सहावं काम: काय शोधायचं ते नीट सांगा

हं, आता प्रॉम्प्ट. आला एकदाचा.

'सेटिंगवर क्लिक कर' म्हणालात आणि पानावर सेटिंग हा शब्द तीन ठिकाणी असला तर मॉडेल त्यातलं एक घेणार, अंदाजपंचे दाहोदरसे. ओळख पटेल असं सांगा, वरच्या पट्टीत उजवीकडे, गोल फोटोच्या शेजारी, दातेरी चाकाचा आयकॉन. दिसतं कसं, आहे कुठं आणि शेजारी काय, एवढं आलं की बास. चार ओळींचं वर्णन लिहायची गरज नाही, उलट त्यात एखादा तपशील चुकला तर मॉडेल त्याच्यामागे भरकटतं.

बिंदू मागण्याऐवजी चौकोन मागून त्याचा मध्य काढणं मला जास्त भरवशाचं वाटतं. चौकोन आला की तो केवढा आहे ते दिसतं, बटणासाठी अर्धा स्क्रीन व्यापणारा चौकोन आला तर क्लिक न करता परत विचारता येतं. पण अपवाद आहेत. लांब ओळीतली लिंक दोन ओळींवर मोडली असेल तर चौकोनाचा मध्य रिकाम्या जागेत पडू शकतो. चेकबॉक्स आणि त्याचं लांबलचक लेबल मिळून एक चौकोन आला तर मध्य लेबलवर पडतो, तिथं क्लिक केल्यानं कधी टिक होते, कधी नाही. स्लायडरला तर मध्याचा काही अर्थच नाही, तिथं गोळा मागायचा.

एक पद्धत अजून आहे, २०२३ मधे सेट ऑफ मार्क या नावानं आली. स्क्रीनवरच्या प्रत्येक बटणावर आपणच नंबर चिकटवायचा आणि मॉडेलला फक्त नंबर विचारायचा. आकड्यांचा सगळा त्रास संपतो, कारण त्या नंबरची जागा आपल्याला आधीच माहितीये. अडचण एवढीच की बटणं शोधून नंबर लावणारं काहीतरी आधी हवं, आणि दाटीवाटीच्या टूलबारवर नंबरच आयकॉन झाकून टाकतात.

आधी विचारा: नेम धरायची गरज आहे का

हे खरं तर सगळ्यात वर लिहायला हवं होतं पण मग पुढचं कुणी वाचलं नसतं. कंट्रोल एसनं सेव्ह होत असेल तर बटण शोधत कशाला बसायचं. वेबपेज असेल तर पानाच्या आतल्या रचनेतून बटण थेट सापडतं, पिक्सेलचा संबंधच नाही. डेस्कटॉपवर दृष्टिहीन लोकांच्या स्क्रीन रीडरसाठी जी व्यवस्था असते, विंडोजमधे यूआय ऑटोमेशन, लिनक्सवर एटी एसपीआय, मॅकवर त्यांची ॲक्सेसिबिलिटी एपीआय, ती बटणाचं नाव आणि अचूक चौकोन दोन्ही देते. नेम धरायचा तो ही दारं बंद असतील तिथंच, म्हणजे कॅनव्हासवर रंगवलेलं ॲप, गेम, रिमोट डेस्कटॉप, ज्यात समोर नुसतं चित्रच असतं.

बटण कायम तसंच दिसत असेल तर चित्राशी चित्र जुळवणं पण चालतं, पायऑटोजीयूआयमधे ती सोय आहे. शंभर टक्के जुळायलाच हवं अशी अट ठेवलीत तर कडेच्या दोन पिक्सेलच्या छटेवरून पण ते 'सापडलं नाही' म्हणतं, म्हणून कॉन्फिडन्स, म्हणजे किती जुळलं की चालेल तो आकडा, ०.९ च्या आसपास ठेवतात, त्यासाठी ओपनसीव्ही ही चित्रांवर काम करणारी लायब्ररी टाकलेली लागते. थीम डार्क केली किंवा झूम बदलला की जुनं चित्र कामातून गेलं हे मात्र धरून चाला.

वेळेची चूक नेमाची वाटते

आकडे बरोबर, हिशोब बरोबर, तरी भलतीकडे क्लिक. फोटो काढला, मॉडेलला विचार करायला चार सेकंद लागले, तेवढ्यात वर एक बॅनर येऊन सगळं पान खाली सरकलं. आता तुम्ही जुन्या नकाशावर चालताय. यासाठी फोटो काढताना अर्ध्या सेकंदाच्या अंतरानं दोन काढा, दोन्ही सारखे आले तरच पाठवा, आणि क्लिक करायच्या क्षणाआधी लक्ष्याभोवतीचा छोटा तुकडा परत टिपून जुन्याशी जुळवा. जुळला नाही तर परत पहिल्यापासून.

माऊसचा बाण आणि त्याच्यामुळे उघडलेली पिवळी टिप हे पण त्रास देतात, नेमकं पुढचं बटण झाकतात. म्हणून फोटोआधी माऊस बाजूला न्यायचा. मी हुशारी करून तो दर वेळी वरच्या डाव्या कोपऱ्यात, शून्य शून्यवर नेत होतो, आणि प्रोग्राम आपोआप बंद पडायचा. पायऑटोजीयूआयमधे माऊस कोपऱ्यात गेला की सगळं थांबवायचं अशी सुरक्षेची सोय मुद्दाम ठेवलेली आहे, ती मीच स्वतः दर वेळी वापरत होतो. ती सोय बंद करू नका, माऊस कोपऱ्याऐवजी कडेला कुठंतरी न्या, प्रोग्राम पिसाळला की तोच कोपरा तुम्हाला वाचवतो.

धोक्याच्या क्लिकआधी खात्री

डिलीट, पाठवा, पैसे भरा, असल्या बटणांसाठी एक जादा फेरी ठेवा. मिळालेल्या जागेवर फोटोमधे लाल अधिक काढा, तो फोटो मॉडेलला परत पाठवा आणि विचारा हे चिन्ह कशावर आहे. 'हे बटणावर आहे ना' असं विचारू नका, बऱ्याचदा हो म्हणून मोकळं होतं. 'कशावर आहे' विचारलं की नाव सांगावं लागतं.

अजून एक युक्ती, तोच प्रश्न पाचदा विचारा. पाचही उत्तरं जवळजवळ आली तर त्यातलं मधलं घ्या. दोन गट पडले, तीन इकडे दोन तिकडे, तर मॉडेलचा गोंधळ झालाय, वर्णन सुधारा. सरासरी मात्र काढू नका हं, दोन बटणांची सरासरी म्हणजे दोघांच्या मधली रिकामी जागा.

मोजत राहा

शेवटी एक छोटा संच बनवून ठेवा, पन्नासेक सेव्ह केलेले स्क्रीनशॉट, प्रत्येकात एक लक्ष्य आणि त्याचा खरा चौकोन हातानं काढलेला. उत्तर चौकोनाच्या आत पडलं तर बरोबर, बाहेर पडलं तर किती लांब ते लिहायचं. बारीक, मध्यम आणि मोठी लक्ष्यं वेगवेगळी मोजा, कारण एकत्र टक्केवारीत मोठी बटणं बारीक आयकॉनचं अपयश झाकून टाकतात. यात वेगवेगळ्या स्केलिंगचे, डार्क थीमचे, ज्यात लक्ष्य मुळातच नाही असे पण चार-पाच फोटो घाला, त्यांचं बरोबर उत्तर 'नाही' हे आहे. मॉडेलचं टेंपरेचर, म्हणजे त्याची उत्तरं किती बदलती राहतील ते ठरवणारा आकडा, शून्य ठेवा, नाहीतर काल आणि आज यातला फरक तुमच्या बदलामुळे आहे का नशिबामुळे ते कळत नाही, पाचदा विचारायची युक्ती वापरताना तेवढं वाढवा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून संच परत चालवा, तुकडा कापायची पद्धत आणि प्रॉम्प्ट दोन्ही एकदम बदलले तर सुधारणा कशामुळे झाली ते तुम्हालाच सांगता येणार नाही, आणि दोन महिन्यांनी नवं मॉडेल आल्यावर हा सगळा तपास पहिल्यापासून करावा लागेल.